कोलोराडोचें पाणी आणि उभा नावाडी

इ. स. १८५८ च्या मार्च महिन्यांत 'एक्सप्लोरर' नांवाची एक लोखंडी आगबोट कोलोराडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध धापा टाकीत चालली होती. ती बांधली होती फिलाडेल्फिया शहरीं. तेथें तिची परीक्षा झाल्यावर तिचे भाग सुटे करून ते पनामाच्या वाटेनें सॅन फ्रान्सिस्कोस व तेथून नदीच्या मुखाशीं आणले, आणि तेथील चिखलांत पुन्हां जोडले. बोटीची लांबी अवघी ५४ फूट. तिच्यावर लेफ्टनंट जोझेफ ख्रिसमस आइव्हज हा अमेरिकन लष्करांतील अधिकारी होता. ही नदी आगबोटीस कोठवर वाट देते याचा शोध करण्याचें काम सरकारनें त्याजकडे सोंपविलें होतें. उत्तर नदीनेंच दिलें. ब्लॅक कॅन्यन म्हणून जी काळ्या कातळांची घळई आहे, तिच्या तोंडाशींच बोट पाण्याखालच्या खडकावर आदळली आणि पुढचे मैल आइव्हजला एका लहानशा होडींतून काढावे लागले. परत गेल्यावर त्यानें आपल्या अहवालांत असा अभिप्राय दिला कीं, या निरुपयोगी मुलखास भेट देणारी गोऱ्या लोकांची आपली ही पहिलीच आणि बहुधा शेवटचीच टोळी ठरेल.

गंमत अशी कीं, या वरच्या पाण्यावर आगबोट नेणारा तो पहिलाहि नव्हता. नदीवर आगबोटींचा धंदा करणारा जॉर्ज जॉन्सन नांवाचा कप्तान दोनच महिन्यांपूर्वीं आपली 'जनरल जेसप' बोट घेऊन जवळजवळ तेथवर जाऊन आला होता. आणि शेवटचा ठरण्याचा तर प्रश्नच उरला नाहीं. त्याच ब्लॅक कॅन्यनमध्यें आज सकाळच्या निवांत वेळीं नवशिके लोक एका लांबट फळीवर उभे राहून, हातांत एकच उंच वल्हें धरून, हिरव्यागार पाण्यावरून फिरतांना दिसतात. या खेळाला 'पॅडलबोर्डिंग' म्हणतात. जेथें वाफेच्या यंत्रानें हात टेकले, तेथून चार दिवसांपूर्वीं शिकलेल्या माणसानें उभ्याउभ्या जावें, हें घडलें कसें? होडी बदलली म्हणून, कीं नदीच बदलली म्हणून?

नदीचा स्वभाव आधीं पाहिला पाहिजे. कोलोराडो ही सुमारें १४५० मैल लांबीची नदी. तिचें पोषण होतें रॉकी पर्वतांतील बर्फावर. पण तिचा बहुतेक प्रवास युटा, ॲरिझोना, नेव्हाडा व कॅलिफोर्निया या संस्थानांच्या रुक्ष वाळवंटांतून होतो. 'कोलोराडो' हा शब्द स्पॅनिश असून त्याचा अर्थ तांबूस. गाळानें ती इतकी दाट असे कीं, हें पाणी प्यावयाला फार घट्ट आणि नांगरावयाला फार पातळ, असा विनोद तिच्या कांठचे लोक करीत. तिनें कोरलेली ग्रँड कॅन्यन ही घळई २७७ मैल लांब व सुमारें एक मैल खोल आहे. या घळईंत नदी सर्वत्र सारखी धांवत नाहीं. बाजूच्या कोरड्या ओढ्यांना एखाद्या वादळांत लोंढा येतो आणि तो घराएवढाले धोंडे मुख्य पात्रांत आणून टाकतो. पाणी त्या बांधामागें तुंबून संथ होतें आणि बांध ओलांडतांना खवळतें. त्यामुळें मैलच्या मैल शांत पाणी, मग एकाएकीं शेंदोनशें वारांचा भयंकर खळाळ, पुन्हां शांत पाणी, असा तिचा क्रम आहे. नावाड्याला खरा धोका आहे तो या क्रमांत. शांत पाणी त्याला गाफील करतें, आणि खळाळाचा आवाज कानीं येतो तेव्हां पुष्कळदां थांबावयास कांठ उरलेला नसतो.

या पाण्याशीं सर्वांत जुना परिचय कांठच्या मूळ रहिवाशांचा. मोहावे, क्वेचान, कोकोपा इत्यादि जमाती नदीच्या खालच्या भागांत रहात असत, व आजहि राहतात. लव्हाळ्यांच्या मोळ्या बांधून केलेले तराफे त्यांच्या उपयोगांत होते. मोहावे लोक तर मोठालीं मातीचीं भांडीं पाण्यावर तरंगत ठेवून त्यांत मुलें व चीजवस्तु बसवीत आणि स्वतः पोहत तीं भांडीं ढकलीत पलीकडे नेत. १५४० सालीं एर्नान्दो दे आलार्कोन हा स्पॅनिश दर्यावर्दी समुद्राकडून नदींत शिरला, तेव्हां त्याच्या नावांना प्रवाहाविरुद्ध ओढून नेण्यास हात लागले ते याच लोकांचे. त्यांना नदी ओलांडावयाची असे, तिच्याशीं झुंज घ्यावयाची नसे. ती हौस पुढें आली.

तिचा आरंभ २४ मे १८६९ या दिवशीं झाला. मेजर जॉन वेस्ली पॉवेल हा भूगर्भशास्त्रज्ञ नऊ माणसें व चार होड्या घेऊन वायोमिंगमधील ग्रीन रिव्हर या रेल्वेच्या ठाण्यापासून निघाला. यादवी युद्धांत, शायलोच्या लढाईंत, त्याचा उजवा हात गेला होता. तीन होड्या ओकच्या लांकडाच्या, प्रत्येकी २१ फूट. चौथी 'एमा डीन' पाइनची, १६ फुटांची, वाट दाखविण्यासाठीं पुढें. होड्या मजबूत होत्या यांत शंका नाहीं. परंतु त्या संथ पाण्यावर सरळ व वेगानें जाण्यासाठीं बांधल्या होत्या. त्यांना लवकर वळतां येत नसे. शिवाय वल्हीं मारणाऱ्याची पाठ सदैव पुढच्या दिशेला. म्हणजे ज्या माणसाच्या मनगटांत होडीची सत्ता, त्यालाच समोरचा खडक दिसत नसे. एकहाती मेजर पुढच्या होडींत उभा राहून पाण्याचा अंदाज घेई आणि मागच्यांना निशाणांनीं खुणा करी. त्या साऱ्या मंडळींत तरंगतें जाकीट, म्हणजे लाइफ जॅकेट, होतें तें एकट्या पॉवेलजवळ. तें रबराचें जाकीट वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत जपून ठेवलेलें आहे.

सुमारें पंधरवड्यानें लोडोर घळईंत 'नो नेम' ही होडी फुटली. माणसें वांचलीं, शिध्याचा मोठा भाग गेला. दुसऱ्या दिवशीं लोकांनीं फुटक्या सांगाड्यापर्यंत जाऊन उंची मोजण्याचे वायुभारमापक परत आणले व सर्वांनीं आनंदाचा गजर केला. मेजरला तो शास्त्राविषयींचा उत्साह वाटला. पण त्याच खेपेंत एक दारूचें पिंपहि परत आलें होतें. असो. जुलैंत एकजण मोहीम सोडून गेला. ऑगस्ट सरतेवेळीं उरलेल्या नऊजणांजवळ बुरसलेलें पीठ, थोडीं सुकविलेलीं सफरचंदें आणि कॉफी एवढेंच अन्न राहिलें होतें. आणि पुढें एक असा खळाळ होता कीं, त्याच्या बाजूनें होडी उचलून नेण्यास जागाच नव्हती. ओरॅमेल व सेनेका हे हाउलंड बंधु आणि विल्यम डन या तिघांनीं घळईचा कडा चढून जमिनीवरून जाण्याचें ठरविलें. २८ ऑगस्टच्या सकाळीं ते निघाले. ते त्यांच्या सोबत्यांना पुन्हां दिसले नाहींत. उरलेले सहाजण 'एमा डीन' तेथेंच सोडून दोन होड्यांनीं खळाळांत शिरले आणि सुखरूप बाहेर पडले. दोनच दिवसांत ते व्हर्जिन नदीच्या संगमावर पोंचले. तेथें जाळीं टाकून बसलेल्या मॉर्मन लोकांना वरून असें सांगण्यांत आलें होतें कीं, पॉवेलच्या मोहिमेच्या फुटक्या होड्यांचे तुकडे वाहत येतात का, याजवर नजर ठेवावी.

या तिघांनीं आणखी दोन दिवस धीर धरला असता तर, असा विचार मनांत येतो. पण तो ज्याला नकाशा ठाऊक आहे त्याच्या मनांत येतो. त्यांच्याजवळ नकाशा नव्हता. तो तयार करण्यासाठींच ते निघाले होते.

वीस वर्षांनंतरच्या एका मोहिमेला मात्र अज्ञानाची सबब सांगतां येणार नाहीं. घळईच्या तळाशीं नदीच्या कडेनें आगगाडीचा रस्ता काढावा अशी कल्पना १८८९ सालीं फ्रँक ब्राउन नांवाच्या एका रेल्वे कंपनीच्या अध्यक्षानें उचलली, आणि रॉबर्ट ब्रूस्टर स्टँटन या इंजिनियराला घेऊन तो मोजणीस निघाला. होड्या हलक्या, देवदारी लांकडाच्या. लाइफ जॅकेट एकहि नाहीं. १० जुलै रोजीं एका भोवऱ्यानें ब्राउनची होडी उलटविली. त्याचा सोबती वांचला. ब्राउनचें शव कधींच मिळालें नाहीं. पांच दिवसांनीं पीटर हॅन्सब्रो व हेन्री रिचर्ड्स हे दोघे बुडाले. मग स्टँटननें मोहीम थांबविली. हिंवाळ्यांत तो अधिक मजबूत होड्या घेऊन परत आला, आणि या खेपेस प्रत्येक माणसासाठीं जाकीट होतें. एकाचा पाय कड्यावरून पडून मोडला, पण पाण्यानें कोणाचाहि बळी घेतला नाहीं, आणि १८९० च्या एप्रिलांत मंडळी समुद्राला मिळाली. आगगाडी कधींच झाली नाहीं.

होडी हांकण्याच्या पद्धतींत पालट केला तो कोण्या इंजिनियरानें नव्हे, तर युटामधील व्हर्नल गांवच्या एका फासेपारध्यानें. नॅथॅनियल गॅलोवे हा बीव्हर पकडण्यासाठीं वरच्या घळयांतून हिंडे. त्यानें सपाट तळाची, हलकी, दोन्ही टोकांशीं वर उचललेली होडी बांधली. आणि खळाळाच्या तोंडाशीं तो ती फिरवून तिची पिछाडी पुढें करी. तसें केल्यानें त्याचें तोंड पाण्याच्या दिशेला येई. मग तो वल्हीं मारी तीं प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे होडीचा वेग कमी करण्यासाठीं, आणि आडवा सरकत सरकत खडक चुकवी. पाण्याहून वेगानें जाण्याऐवजीं पाण्याहून हळू जावें, आणि ज्या हातांत वल्हें त्याच माणसाच्या डोळ्यांना वाट दिसावी: गोष्ट ऐकतांना सोपी वाटते, परंतु ती सुचण्यास पॉवेलनंतर पाव शतक लागलें. १८९६-९७ च्या हिंवाळ्यांत विल्यम रिचमंड या सोबत्यासह त्यानें ग्रँड कॅन्यन पार केली. एल्सवर्थ व एमरी या कोल्ब बंधूंनीं १९११-१२ सालीं याच धर्तीच्या होड्यांतून प्रवास करून त्याचें चलच्चित्र घेतलें. घळईच्या कांठावरील आपल्या चित्रगृहांत एमरी कोल्ब तें १९७६ सालीं मरेपर्यंत दाखवीत असे.

याच एमरीच्या दारांत १९२८ च्या नोव्हेंबरांत ग्लेन हाइड व त्याची बायको बेसी हीं दोघें आलीं. त्यांचें लग्न होऊन वर्षहि झालें नव्हतें. ग्लेननें स्वतः बांधलेला एक सपाट पडाव घेऊन, पुढें-मागें एकेक लांब वल्हें लावून, तीं युटांतून तेथवर पोंचलीं होतीं. घळई पार करणारी पहिली स्त्री होण्याचा मान बेसीला मिळणार होता. त्यांच्यापाशीं जाकिटें नाहींत हें पाहून कोल्बनें आपलीं देऊं केलीं. ग्लेननें नको म्हटलें. डिसेंबरांत शोध करणारांना तो पडाव खालच्या एका शांत डोहांत सरळ तरंगत असलेला सांपडला. सामान जागच्या जागीं होतें. पतिपत्नींचा मागमूस लागला नाहीं.

बेसीला न मिळालेला मान दहा वर्षांनीं मिशिगन विद्यापीठांतील एल्झाडा क्लोव्हर व लोइस जॉटर या दोन वनस्पतिशास्त्रज्ञ स्त्रियांकडे गेला. नॉर्मन नेव्हिल्सच्या होड्यांतून १९३८ सालीं त्या निघाल्या तेव्हां वर्तमानपत्रांनीं धाडसी बायका म्हणून बोभाटा केला. त्यांचें चित्त होतें निवडुंगांवर. त्यांनीं गोळा केलेली वनस्पतींची यादी ही धरणापूर्वींच्या घळईचा एक अमोल दाखला ठरली आहे. लोइस जॉटर १९९४ सालीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, शास्त्रज्ञांबरोबर पुन्हां त्या नदीवर गेली, ती कांठचीं झाडें किती बदललीं हें सांगण्यासाठीं.

पुढें तर होडीहि नको असें म्हणणारे निघाले. १९४५ सालीं जॉर्जी व्हाइट ही बाई व हॅरी ॲलेसन हे दोघे केवळ लाइफ जॅकेटच्या आधारानें डायमंड क्रीकपासून साठ मैल वाहत गेले. १९५५ सालीं बिल बिअर व जॉन डॅगेट यांनीं सबंध घळई पोहून काढली. जॉर्जीनेंच नंतर लष्करानें विकून टाकलेले रबरी तराफे एकमेकांस बांधून त्यांवरून सामान्य प्रवासी नेण्याचा धंदा आरंभिला. रबर खडकावर आपटतें व परत उसळतें, लांकूड फुटतें. १९५० पर्यंत सारी घळई पाण्यानें पार केलेलीं माणसें शंभराच्या आसपास होतीं. १९७२ या एका सालांत ती संख्या सोळा हजारांवर गेली.

परंतु तोंवर नदी तीच राहिली नव्हती. आइव्हजची बोट आपटली त्या ब्लॅक कॅन्यनमध्येंच ७२६ फूट उंचीचें हूव्हर धरण उभें राहिलें. १ फेब्रुवारी १९३५ रोजीं पाणी अडविण्यास प्रारंभ झाला आणि मागें लेक मीड हा जलाशय पसरला. सेंट टॉमस नांवाचें गांव त्यांत बुडालें. शेवटचा रहिवासी १९३८ सालीं आपल्या दारांतून होडींत बसून गेला. पॉवेलच्या तीन माणसांना ज्या खळाळानें परत फिरविलें, तोहि या संथ पाण्याखालीं गडप झाला. ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे १३ मार्च १९६३ रोजीं बंद झाले. त्याच्यामागच्या तळ्याला पॉवेलचेंच नांव दिलें. गाळ तळ्यांत बसूं लागला, आणि तांबडी नदी खालीं हिरवी होऊन बाहेर पडूं लागली. पूर्वीं उन्हाळ्यांत कोमट असणारें पाणी तळ्याच्या खोल थरांतून सुटूं लागल्यामुळें बारमास थंडगार झालें, आणि येथील कित्येक देशी मासे त्या थंडीनें नाहींसे होत चालले.

उभ्यानें फळी वल्हविण्याचा प्रघात आला तो या मुलखांतून नव्हे, तो समुद्रावरचा. हवाई बेटांत वाइकीकीच्या किनाऱ्यावर विसाव्या शतकाच्या मध्यास लाटांवरचे कांहीं गुरु फळीवर उभे राहून वल्हें मारीत, कारण उभ्या माणसाला येणारी लाट व आपले शिष्य दोन्ही दिसत. १९९० नंतर लेअर्ड हॅमिल्टन, डेव्ह कलामा यांनीं तें पुन्हां चालू केलें, आणि २००० नंतर तें कॅलिफोर्नियांतून आंत पसरलें. नदीला तें सोयीचें झालें फुगवावयाच्या फळीमुळें. या फळीच्या आंत वरचा व खालचा पडदा हजारों दोऱ्यांनीं जोडलेला असतो. त्यामुळें हवा कितीहि भरली तरी ती फुग्यासारखी गोल न होतां लांकडासारखी ताठ व सपाट राहते. १९५६ सालीं गुडइयर कंपनीनें फुगवावयाचें विमान केलें, त्याचे पंख याच युक्तीनें बनविले होते. २००८ सालीं अमेरिकेच्या तटरक्षक दलानें निर्णय दिला कीं, लाटांचा पट्टा सोडून इतरत्र ही फळी म्हणजे नौकाच समजावी; अर्थात् तीवर लाइफ जॅकेट असलेंच पाहिजे. फ्रँक ब्राउनला बुडून तेव्हां ११९ वर्षें झालीं होतीं.

आतां कोणी कोठें जावें, हा प्रश्न. अगदीं नवख्यानें लेक मीड किंवा लेक पॉवेलच्या एखाद्या आडोशाच्या खाडींत, सूर्योदयानंतर लागलीच उतरावें. आधीं गुडघ्यांवर तोल सांवरावा, मग पाय खांद्यांएवढे फांकवून उभें रहावें, आणि दृष्टि पायांकडे न ठेवतां क्षितिजाकडे ठेवावी. पायांकडे पाहणारा हमखास पडतो. तळ्यावरचा शत्रु पाणी नसून वारा आहे. दुपारीं वाळवंट तापलें कीं तो उठतो, आणि उभा माणूस त्याला शिडासारखा सांपडतो. म्हणून जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे दमल्यावर तोच घरीं आणतो. येथें घोट्याला बांधलेली दोरी ही जीवनदोरी होय. कारण पडलेल्या माणसाची मोकळी फळी वारा असा पळवितो कीं पट्टीचा पोहणाराहि ती गांठूं शकत नाहीं.

त्यापुढची पायरी म्हणजे हळू वाहतें पाणी. ग्लेन कॅन्यन धरणापासून लीज फेरीपर्यंतच्या १५ मैलांत खळाळ असा नाहीं. यांत्रिक होडी प्रवाशाला वर नेऊन सोडते व तो हॉर्सशू बेंडच्या प्रचंड वळणावरून खालीं येतो. ब्लॅक कॅन्यनमध्यें विलो बीचहून दोन मैल वर गेलें कीं एमराल्ड केव्ह नांवाची गुहा लागते. दोन्ही जागीं विजेच्या मागणीप्रमाणें धरणांतून पाणी कमीअधिक सुटतें आणि सकाळचा संथ प्रवाह दुपारीं खेंचूं लागतो. हवा चाळीस अंश सेंटिग्रेडच्या वर व पाणी बारा-तेरा अंश, अशा स्थितींत पडणाराचा श्वास क्षणभर अडकतो. चांगले पोहणारे बुडतात ते पुष्कळदां या पहिल्या मिनिटांत.

आणि खळाळाच्या पाण्यांत तीच घोट्याची दोरी यमपाश होते. फळी खडकाच्या एका बाजूनें व माणूस दुसऱ्या बाजूनें गेला कीं दोरी ताणली जाते, प्रवाह त्याला खालीं दाबतो, आणि वांकून घोट्यापर्यंत हात पोंचविणें अशक्य होतें. म्हणून नदीवर दोरी कमरेच्या पट्ट्याला, एका झटक्यांत सुटेल अशी बांधतात. तळ्यावर शिकलेला हुशार विद्यार्थी नदीवर मरतो तो बहुधा याच ठिकाणीं. त्याला दोरी बांधावयास शिकविलेलें असतें, कोठें सोडावी हें नसतें. पडल्यावर उभें राहण्याचा यत्न करूं नये, पाय दगडांत अडकतो. उताणें तरंगून पाय पुढें धरावे. खळाळांची प्रतवारी अन्यत्र सहा वर्गांत करतात, ग्रँड कॅन्यनमध्यें एक ते दहा अशी. तेथें वरच्या अंकांवर फळीनें उतरलेले लोक आहेत, पण बरोबर रबरी तराफे, आणि खालीं उचलून घेणारे सोबती ठेवून. त्यांतले बरेचजण मोठ्या लाटेपुढें गुडघ्यांवर बसतात.

ही प्रतवारी कायमची नाहीं. क्रिस्टल हा आजचा भयंकर खळाळ १९६६ च्या डिसेंबरांत एका लोंढ्यानें झाला; त्यापूर्वीं तो साधारण होता. १९८३ सालीं महापुरामुळें धरणावरून पाणी सोडावें लागलें, तेव्हां केन्टन ग्रुआ व त्याचे दोन सोबती 'एमराल्ड माइल' या लांकडी होडींतून २७७ मैल ३६ तास ३८ मिनिटांत गेले. याच क्रिस्टलनें त्यांची होडी उलटविली होती. आणि इ. स. २००० पासून दुष्काळ व पाण्याचा अतिवापर यांमुळें तळीं खालावत गेलीं. सेंट टॉमसचे पाये उघडे पडले. २०२२ च्या उन्हाळ्यांत लेक मीड १९३७ नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीस गेलें. दुसऱ्या महायुद्धांतली एक सैन्य उतरविण्याची बोट चिखलांतून वर आली, आणि होड्या पाण्यांत सोडण्याचे बहुतेक उतार बंद करावे लागले, कारण पाणी त्यांच्या पायथ्यापासून दूर निघून गेलें होतें. लेक पॉवेलच्या वरच्या अंगास, कॅटरॅक्ट कॅन्यनमध्यें, तळ्यानें साठवलेला गाळ नदी आतां स्वतःच कापून काढीत आहे, आणि त्याखालीं गाडले गेलेले खळाळ एकामागून एक परत येत आहेत. जेथें नवशिके फळीवर निवांत उभे रहात असत, अशा कांहीं जागीं नावाडी आज पुन्हां होडी कांठाला लावतात आणि उंच दगडावर चढून, पुढें काय आहे, हें पाहतात.